पुदिएरा

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, टेरुएलला,
वाचनालयामागच्या त्या खोलीत जिथला हीटर नुसताच खोकतो,
मी फळ्यावर लिहिलं : पुदिएरा.
जमलं असतं तर. शक्य झालं असतं तर.
वर्गात सहाजण.
झ्लात्का, बल्गेरियाची, परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते.
चेर्नो, सेनेगलचा, गॅसचे नारिंगी सिलिंडर खांद्यावर घेऊन
लिफ्ट नसलेल्या इमारती चढतो.
बाकीच्यांची नावं मी अजून चुकते.

मी सांगितलं, मदत मागताना
क्रियापदाला एक पाऊल मागे घ्यायचं.
आत्ता हवी असलेली गोष्ट
भूतकाळाच्या चपला घालून उंबऱ्याबाहेर उभी करायची.
समोरच्याला नाही म्हणायचं असेल
तर बसून म्हणता यावं, एवढी खुर्ची द्यायची.
शब्द टाकायचा, पण असा
की झेलता आला नाही तरी कुणी ओशाळू नये.

झ्लात्का म्हणाली, बारमध्ये तर सगळे ओरडतात,
कॉफी दे, पाव आण, बिल कर.
मी म्हणाले, पैसे मोजले की आज्ञार्थ चालतो.
कॉफी म्हणजे मदत नव्हे.

चेर्नोने ते वहीत उतरवलं. मग पेनाचं टोपण चावत :
"बाई, तुम्ही हे शेवटचं कधी वापरलं?"
वर्ग हसला. मीही हसले.
बाहीवर नसलेली खडूची पूड बराच वेळ झटकत राहिले.

एकेचाळीस वर्षं शिकवलं.
कुणाची मिंधी झाले नाही.
एव्हारिस्तो गेल्यावर बल्ब मीच बदलले,
पाठीवरची चेन दोरा बांधून मीच ओढली,
बरणीचं झाकण निघालं नाही
तेव्हा म्हणाले, ऑलिव्ह तसेही खारटच असतात.

जानेवारीत स्टुलावरून पडले.
बल्बच होता.
फरशी किती थंड असते ते गालाला कळतं, पायाला नाही.
दोन तास. मग जिन्यात पावलं,
जड, प्रत्येक मजल्यावर थांबणारी.
मी मनात वाक्य जुळवलं, नीट, स्वल्पविरामांसकट,
आणि दाराखालच्या फटीकडे तोंड करून म्हणाले :
"माफ करा, आपल्याला फार अडचण होणार नसेल,
आणि हातातलं काम आटोपून
थोडी सवड काढता आली असती, तर..."

बिनचूक होतं.
फक्त मुख्य क्रियापदापर्यंत श्वास पुरला नाही.

पावलं थांबली. सिलिंडर टेकल्याचा ठण्ण आवाज.
"बाई? तुम्ही?"
"हो. शक्य झालं असतं, तर..."
"बाई," दारापलीकडून चेर्नो म्हणाला,
"आज आज्ञार्थ चालेल."

आणि मला तो सापडेना.
पोरांना पहिल्या महिन्यात येणारं, एवढंसं रूप.
चाळीस वर्षांची भीड जिभेवर बसून होती,
उठायला तयार नव्हती.
तो वाट पाहत राहिला. त्याचा धापा टाकलेला श्वास
लाकडातून ऐकू येत होता.
मग म्हणाले : ये.
'या' नव्हे. ये.
किल्ली मीटरच्या पेटीत, मागच्या खिळ्याला.

त्यानं मला उचललं नाही, हलवू नये हे त्याला माहीत होतं.
गॅसचा वास येणारा कोट अंगावर घातला.
फोनवर म्हणाला : पाठवा. लगेच पाठवा.
एकाही ठिकाणी पुदिएरा नाही.
मी डोळे मिटून त्याचे उच्चार तपासत होते.

सिलिंडर तसाच माझ्या दारात राहिला.
चौथ्या मजल्यावरच्या दोन कासिमिरोंनी
त्या रात्री गार सूप प्यायलं, आणि अजून ऐकवतात.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात तो आला,
टोपी हातात, खुर्ची ओढून बसला,
खिडकीबाहेर बघत, रागातच म्हणाला :
"आधी हाक मारली असतीत, तर मी आलो असतो."

दोन्ही क्रियापदं जागच्या जागी.
हे रूप मी मार्चमध्ये शिकवणार होते.